ऊसतोड, शाळा, कारखाना आणि गाव: आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

दसरा जवळ आला की आमच्याकडे मेसेज यायला लागतात आणि कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत (गाळप हंगाम संपेपर्यंत) चालूच राहतात. मास्तर विचारतात, ग्रामपंचायत सदस्य विचारतात, कंपन्यांमध्ये सीएसआर (कंपनीचा सामाजिक कामावरचा खर्च) बघणारे विचारतात आणि आता ऊसतोडीच्या घरातली कॉलेजला गेलेली पोरंपण विचारतात. तेच ते प्रश्न परत येतात म्हणून सगळे इथं एकत्र केलेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिली नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. सामाजिक शाश्वतता म्हणजे काय आणि त्याचा ऊसतोडीशी काय संबंध?

एखादा धंदा वर्षानुवर्षं चालतोय पण तो चालवणाऱ्या माणसांची तब्येत, पोरांचं शिक्षण, गावातलं स्थान हे सगळं दर हंगामाला थोडं थोडं झिजतंय, तर तो धंदा सामाजिकदृष्ट्या टिकाऊ नाही, इतकं सोपं आहे. साखर उद्योगात सस्टेनेबिलिटी म्हटलं की ठिबक, इथेनॉल, बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीज याच्यावर तासभर बोलतात. ते महत्त्वाचं आहेच, पण जो ऊस तोडतो त्याच्या घराचं काय हा प्रश्न त्या प्रेझेंटेशनमध्ये शेवटच्या स्लाइडवर येतो, कधी येतच नाही. आम्ही ऊसतोड घेतली कारण शाळा, उद्योग आणि ग्रामपंचायत या तिन्ही ठिकाणची जबाबदारी एकाच कुटुंबात येऊन अडकते आणि तिन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात.

आमचं म्हणणं एकच आहे आणि ते खाली सगळीकडे येत राहील: यातलं बहुतेक काम दसऱ्याच्या आधी, माणसं गावात असताना करायचं असतं. गाड्या भरून गेल्या की मग फक्त धावपळ उरते.

२. हे मजूर नेमके कुठले आणि कुठं जातात?

सगळ्यात जास्त बीडचे, म्हणजे धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज असा बालाघाटाच्या डोंगराचा पट्टा. मग नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले पाथर्डी-शेवगाव, आणि जालना, परभणी, धाराशिव, लातूर, नांदेडचा काही भाग. जातात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे भागात आणि सीमेपलीकडं बेळगावकडं. नंदुरबार-नाशिक बाजूची आदिवासी कुटुंबं दक्षिण गुजरातेत जातात, त्याच्यासाठी प्रश्न १५ बघा. राज्यात एकूण साधारण दहा लाखांच्या आसपास मजूर धरले जातात. १९७२ च्या दुष्काळानंतर हे जाणं खूप वाढलं, आणि दुष्काळ संपला तरी जाणं संपलं नाही, कारण कोरडवाहू दोन-तीन एकरांवर वर्ष निघत नाही.

३. उचल म्हणजे अ‍ॅडव्हान्सच ना? त्यात एवढं वाईट काय?

अ‍ॅडव्हान्सच, पण नोकरीतल्यासारखा नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादम (टोळी जमवून नेणारा ठेकेदार) त्या कोयत्याला हंगामाआधी रक्कम देतो आणि मग ती तोडणीतून फेडायची. आता हिशोब करून बघा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. समजा जोडीनं एक लाख उचलले, तर ते फिटायला जवळपास २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर झाले १३६-१३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने, एकही खाडा न करता. त्यात आजारपण आहे, पाऊस आहे, कारखाना बंद पडणं आहे, फड (तोडायचं उसाचं रान) लांब असणं आहे. आणि ऊस कमी असला की कारखाने शंभर दिवसांतसुद्धा आटोपतात, मग मजुरानं काहीच चूक केलेली नसताना बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडं जावं लागतं.

त्यावर खाडा. एक दिवस कामावर आलं नाही की पाचशे-हजार रुपये कापतात, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच आणि दंड वेगळा. कारण काय होतं हे कुणी विचारत नाही, ताप असो नाहीतर पाळी. आमच्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात निर्दयी गोष्ट ही आहे आणि ती बंद करायला एक रुपयाचं बजेट लागत नाही.

४. उचल फिटली नाही म्हणून मुकादम अडवून ठेवतो, हे कायदेशीर आहे का?

नाही. पैशांचा वाद हा पैशांचा वाद आहे, त्यासाठी माणसाला, बायकोला, पोराला किंवा बैलांना अडवून ठेवता येत नाही, तो गुन्हा होतो. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. अ‍ॅडव्हान्सच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडं काम करायचं किंवा कुठंही जायचं स्वातंत्र्य गेलं असेल तर ती वेठबिगारी होऊ शकते, आणि तसं सिद्ध झालं तर ते कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. अर्ज जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदारांकडं करायचा. किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम हेसुद्धा सक्तीचं श्रम आहे असं सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगितलंय.

पण हेपण खरं आहे की काही टोळ्या दोन-तीन मुकादमांकडून उचल घेतात आणि येत नाहीत, आणि मुकादम बऱ्याचदा पूर्वी स्वतः कोयता चालवलेलाच माणूस असतो, त्यानं वाहतूकदाराकडून घेतलेले पैसे त्याच्याच जमिनीवर बसतात. म्हणून मुकादमाला व्हिलन करून प्रश्न सुटत नाही. सगळी जोखीम वरून खाली ढकलत आणलीय, ती वर परत कशी न्यायची हे प्रश्न ९ मध्ये आहे.

५. मूल आईबापासोबत गेलं, तिकडच्या शाळेनं दाखला नाही म्हणून घेतलं नाही. काय करायचं?

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मधेच आलं म्हणूनही नाही. कलम ५ मध्ये स्पष्ट आहे की जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकानं ट्रान्सफर सर्टिफिकेट लगेच द्यायचं, आणि ते यायला उशीर झाला तरी नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. वर्गपण वयाप्रमाणे द्यायचा. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, त्यात मूल कुठल्या वर्गात आहे, काय काय शिकून झालंय हे लिहिलेलं असतं. ते गावच्या शाळेतून निघायच्या आधी घ्यायचं. मास्तरांना विनंती आहे की गाड्या भरायच्या आठवड्यात नको, सप्टेंबरातच यादी करा, कारण टोळ्या रात्री निघतात आणि सकाळी वर्गात दहा बाकं रिकामी दिसतात.

खरी अडचण कागदाची कमी आणि अंतराची जास्त असते. कोप्या (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या) फडाजवळ किंवा कारखान्याच्या अड्ड्यावर, शाळा तीन-चार किलोमीटरवर, मधे हायवे, आईबाप पहाटे चारला फडात. आठ वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळायला कोपीवरच राहते. अशा ठिकाणी कारखान्यानं मुलांना नेणारी-आणणारी एक गाडी लावली तर निम्मा प्रश्न सुटतो, आणि उसाच्या इतक्या गाड्या लावणाऱ्या कारखान्याला एक जास्तीची गाडी जड नाही.

६. मग साखरशाळा परत का सुरू करत नाहीत?

हा प्रश्न फार जणांना पडतो. साखरशाळा कारखान्याच्या तळावर (मजुरांच्या मुक्कामाच्या जागी) भरायच्या, संस्था आणि काही कारखाने मिळून चालवायचे, आणि तिथल्या लोकांनी जीव ओतून काम केलं. शिक्षण हक्क कायदा आल्यावर प्रत्येक मूल मान्यताप्राप्त नियमित शाळेत असलं पाहिजे अशी भूमिका आली आणि बहुतेक साखरशाळा बंद झाल्या. तत्त्व म्हणून ते बरोबरच, गरिबाच्या पोराला वेगळी कमी दर्जाची शाळा का. पण साखरशाळा बंद करायच्या आणि जवळच्या शाळेत पोचायची सोय करायची नाही, यात मुलांचं दोन्हीकडून नुकसान झालं. आमचं मत: तळावर पूर्ण शाळा नको, पण लहानांसाठी पाळणाघर-अंगणवाडी आणि संध्याकाळचा अभ्यासवर्ग हवाच. पाळणाघर असलं की मोठी बहीण शाळेत जाऊ शकते.

७. मुलं गावातच ठेवायची तर कुणाकडं? आजी-आजोबा थकलेत.

दोन रस्ते आहेत. पहिला हंगामी वसतिगृह. हे जिल्हा परिषद शाळेच्या गावात, हंगामापुरतं असतं, शाळा व्यवस्थापन समिती चालवते. किती पालक जाणार याचा सर्वे आधी व्हावा लागतो आणि प्रस्ताव वर जावा लागतो. मंजुरी उशिरा येते ही दरवर्षीची तक्रार आहे, पालक ऑक्टोबरात गेले आणि वसतिगृह डिसेंबरात सुरू झालं तर तोपर्यंत मूल फडात पोचलेलं असतं. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच ठराव घ्या (प्रश्न १३).

दुसरा, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना, सामाजिक न्याय विभागाची, २०२१ मध्ये जाहीर झाली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० मुलांची, अशी ती आखणी आहे, आणि टप्प्याटप्प्यानं सुरू होतायत. ती तालुक्याच्या ठिकाणी आणि बारमाही आहेत, त्यामुळं पाचवीनंतरच्या मुलांना जास्त उपयोगाची. पहिली-दुसरीचं पोर आजीपासून तोडून तालुक्याला ठेवू नका, त्याच्यासाठी गावातलंच हंगामी वसतिगृह बरं, रात्री झोपायला आजी आणि दोन वेळचं जेवण शाळेत.

८. पोरगी आठवी झाली, आता लग्न करून देणारेत. शाळेला काही अधिकार आहे का?

शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच आहे आणि नेमकं तिथंच पोरी गळतात. कारणं दोन सांगतात. एक, वयात आलेली पोरगी फडात नेली तर भीती आणि गावात एकटी ठेवली तरी भीती. दुसरं कारण उघड कुणी बोलत नाही पण सगळ्यांना माहीत आहे, लग्न झालं की एक कोयता तयार होतो आणि उचल मिळते. म्हणून बालविवाहाची भाषणं देऊन काही होत नाही जोपर्यंत तिला नववी-दहावीला राहायला सुरक्षित जागा मिळत नाही.

कायद्याचं म्हणाल तर मुलीचं १८ आणि मुलाचं २१ पूर्ण नसेल तर २००६ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ वर फोन केला तर नाव गुप्त राहतं. मास्तरांनी एकट्यानं अंगावर घेऊ नका, गावात वैर येतं, समिती म्हणून जा आणि जाताना वसतिगृहाचा फॉर्म हातात घेऊन जा. लग्न थांबवा म्हणणाऱ्यापेक्षा पोरीची सोय झाली म्हणणाऱ्याचं आईबाप लवकर ऐकतात.

९. कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. बरोबर आहे का?

कागदावर करार बहुतेक वेळा कारखाना आणि वाहतूकदार किंवा मुकादम यांच्यात असतो, मजुराचं नाव कुठंच नसतं, त्या अर्थानं ते तसं म्हणतात. पण पैसा कुठून येतो बघा. उचलीची रक्कम मोठ्या प्रमाणात कारखान्याकडून किंवा कारखान्याच्या हमीवर बँकेकडून निघते. टोळी कुठल्या फडात जाणार हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो, स्लिप कारखान्याचा चिटबॉय (शेतकी विभागाचा फडावरचा माणूस) देतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. दर ठरवायला साखर संघ (कारखान्यांची संघटना) आणि मजूर संघटना समोरासमोर बसतात. ज्यांचे मजूरच नाहीत ते दराच्या वाटाघाटीला का बसतील?

शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. २०२५-२६ साठी केंद्रानं एफआरपी (उसाचा किमान भाव) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये ठरवली, टनाला ३५५०, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन शेतकऱ्याला मिळतात. म्हणजे पैसे शेतकऱ्याचे, नियोजन कारखान्याचं, कर्ज मजुराच्या डोक्यावर.

करता येण्यासारखं काय? कारखान्यानं प्रत्येक कोयत्याची नावानिशी नोंद ठेवावी (दोघांची, नुसती नवऱ्याची नाही), तोडलेल्या टनांची स्लिप मजुरालाही द्यावी आणि निदान हप्त्याचे पैसे बाईच्या खात्यावर जावेत. यातलं काहीही अवघड नाही. शेतकऱ्याच्या उसाचं वजन मेसेजवर जातंच, तोच मेसेज तोडणाऱ्याला का नको? स्वतःच्या टनांचा हिशोब हातात असला की उचल किती फिटली यावरचे निम्मे वाद होणारच नाहीत. सभासद शेतकऱ्यांनी हे वार्षिक सभेत विचारावं. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला तो शेतकऱ्याची पिळवणूक थांबावी म्हणूनच, त्या परंपरेतल्या कारखान्याच्या सभासदाला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

१०. गर्भाशय काढण्याच्या बातम्या खऱ्या आहेत की वाढवून सांगितल्यात?

खऱ्या आहेत. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचा सर्वे झाला, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा आकडा १५ ते ४९ वयोगटात तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही सर्वे अगदी एकसारखे नाहीत, पण फरक इतका मोठा आहे की वाद घालायला जागा राहत नाही.

मुकादम बळजबरीनं ऑपरेशन करायला लावतो असं सरसकट नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, संडास नाही, पाणी नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, त्यातून इन्फेक्शन, अंगावर जातंय म्हणून खाजगी दवाखान्यात गेली की डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, आणि घरात हिशोब होतो की एकदाच काढून टाकलं तर खाडे वाचतील. ऑपरेशनसाठी परत उचल घेतली जाते. नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली, आणि हंगामाआधी-नंतर महिलांची तपासणी करायची असंही ठरलं. मार्च २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं ऊसतोड मजुरांच्या परिस्थितीची स्वतःहून दखल घेतली.

गावातल्या आशाताईंनी एवढं करावं: ऑपरेशनचा सल्ला मिळालेल्या बाईला सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्यायला सोबत न्यावं. गरोदर बाई जात असेल तर अंगणवाडीत स्थलांतराची नोंद (एमटीएस) करून घ्या, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत आहार आणि लसीकरण मागता येतं.

११. फडात किंवा तळावर बाईशी कुणी वाईट वागलं तर तक्रार कुठं? तिथं कुठलं ऑफिस आणि कुठली कमिटी?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फडालाही लागू आहे. कंत्राटदारामार्फत आलेली, मुख्य मालकाला माहीतही नसलेली कामगारसुद्धा त्यात कर्मचारी धरलीय. जिथं अंतर्गत समिती नाही किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथं जिल्ह्याची स्थानिक तक्रार समिती असते. साधारणपणे घटना जिथं घडली त्या जिल्ह्यात अर्ज करायचा. मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढते, म्हणजे हंगाम संपवून गावी आल्यावरसुद्धा बऱ्याचदा वेळ असतो. गुन्हा असेल तर पोलिसात वेगळी तक्रार करता येते, आणि एफआयआर कुठल्याही ठाण्यात शून्य नंबरनं नोंदवता येतो, तो मग त्या हद्दीत पाठवतात. बाईला एकटीला पाठवू नका.

१२. आमच्या कंपनीला सीएसआरमधून काही करायचंय. दप्तरं-वह्या वाटल्या तर चालेल?

मनापासून सांगतो, नको. वह्या कोपीत भिजतात आणि फोटो तुमच्या रिपोर्टमध्ये राहतो. पैसे असतील तर एका गावाचं हंगामी वसतिगृह मंजुरी येईपर्यंतचे दोन महिने चालवा, किंवा एका तळावर पाळणाघर द्या, आणि सलग तीन वर्षं द्या.

नियमाचं म्हणाल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नेटवर्थ किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. इथं एक गंमतशीर नाही तर गंभीर भोक आहे: सहकारी साखर कारखाना ही कंपनी नाही, त्यामुळं हे कलम त्याला लागूच होत नाही, खाजगी कारखान्याला होऊ शकतं.

आणि तुमची कंपनी स्वतःच साखर विकत घेत असेल, बिस्किटं-कोल्ड्रिंक-चॉकलेट-औषधं काहीही, तर सीएसआरपेक्षा तुमच्या खरेदी विभागाचा एक ईमेल जास्त काम करेल. पुरवठादार कारखान्याला विचारा: तळावर पाणी-संडास आहे का, खाडा कापता का, मजुरांची यादी आहे का. बोन्सुक्रोसारखी उसाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं आहेत, पण ऑडिटर कारखान्याच्या गेटच्या आत फिरून गेला तर त्याला फड दिसत नाही. फडात पाठवा, तेही हंगाम भरात असताना.

१३. मजूर सहा महिने बाहेर, मग ग्रामसभेत आणि मतदानात त्यांचं कोण ऐकणार?

ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. यातल्या तीन तारखांना मजूर गावातच असतात! १ मेला हिशोब ताजे असतात, त्या दिवशी किती मुलं बाहेर गेली होती, किती परत शाळेत आली हे सभेत वाचून दाखवा. १५ ऑगस्टला वसतिगृहाचा ठराव. २ ऑक्टोबरला जाणाऱ्यांची यादी आणि ओळखपत्रं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिथं आरोग्याचे विषय बोलले जातात जे चावडीत बोलले जात नाहीत.

मतदानाची अडचण खरी आहे. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, म्हणजे बरोबर हंगाम सुरू होतानाच. स्थलांतरित मजुराला पोस्टल मतदानाची सोय नाही, गावी यावं लागतं, आणि येण्याचा खर्च जो करतो तो फुकट करत नाही. उमेदवारांच्या गाड्यांवर सोडण्यापेक्षा कारखान्यांनी दोन दिवसांची बिनखाड्याची सुट्टी द्यावी अशी मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

रेशनचं सोपं आहे, एक देश एक रेशनकार्डमुळं कामाच्या गावच्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, आणि घरी राहिलेल्या आजीसाठी थोडं तिकडं थोडं इकडं असंही उचलता येतं. निघायच्या आधी आधार जोडलेलं आहे का बघा, तिकडं गेल्यावर दुरुस्ती होत नाही.

१४. ते महामंडळ आहे ना, टनाला दहा रुपयेवालं? त्याचा आम्हाला काय फायदा?

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ. कारखान्यानं गाळलेल्या टनामागं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे अशी रचना आहे. राज्यात १० कोटी टन गाळप झालं तर नुसत्या कारखान्यांकडून १०० कोटी होतात, म्हणजे पैसा कमी नाही. वसतिगृहांसारख्या योजना यातूनच यायच्या आहेत. मजुराच्या बाजूनं पहिली पायरी नोंदणी आणि ओळखपत्र, ते ग्रामसेवकाकडं होतं. नवरा-बायको दोघांचं वेगवेगळं करा.

१५. आम्ही गुजरातला किंवा कर्नाटकात जातो. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

शिक्षण हक्क, लैंगिक छळाचा कायदा, वेठबिगारीचा कायदा हे केंद्राचे आहेत, देशभर लागू. रेशनपण चालतं. मराठी शाळा मात्र सगळीकडं मिळत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी शाळा आहेत, आत गेलं की फक्त कन्नड. दक्षिण गुजरातेत गुजराती. अशा वेळी चार महिन्यांसाठी मुलाची भाषा बदलण्यापेक्षा गावातच ठेवायची सोय बघा (प्रश्न ७). महाराष्ट्राच्या महामंडळाची नोंदणी गावी करता येते कारण तुम्ही राहणारे इथलेच, पण परराज्यातला कारखाना टनामागचे दहा रुपये देत नाही, त्यामुळं तुमच्यासाठीच्या योजनेत तुमच्या कामाचा पैसा येत नाही, आणि हा मुद्दा दोन सरकारांनी बसून सोडवायचा आहे.

१६. मी एकटी आहे, नवरा वारला. अर्धा कोयता म्हणून घेतात, उचल निम्मी आणि काम पूर्ण. माझ्यासाठी काय?

ताई, सगळ्यात कमी बोललं जातं ते तुमच्याबद्दल. बाईला बाईसोबत जोडी लावून पूर्ण कोयता धरायला हरकत नाही, काही टोळ्यांत तसं होतंय, तुमच्या गावातल्या दुसऱ्या एकट्या बाईसोबत आधी बोलून मग दोघींनी मिळून मुकादमाशी ठरवा, दर टनावर आहे, जोडी कुणाची यावर नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये केला नसेल तर करा, ऊसतोडीला जाता म्हणून तो नाकारता येत नाही, फक्त उत्पन्नाची अट बघतात. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर वारस नोंद याच उन्हाळ्यात लावून घ्या. रोजगार हमीचं काम गावात मागायचं असेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही.

१७. हार्वेस्टर आले की हा प्रश्न आपोआप संपेल ना?

प्रश्न संपणार नाही, मजूर संपतील. सरकारनं २०२३ मध्ये तोडणी यंत्राला ४० टक्के किंवा ३५ लाख यातलं जे कमी ते अनुदान द्यायची योजना आणली, यंत्रं वाढतायत. पण यंत्राला चार-पाच फुटांची सरी लागते, सलग मोठं रान लागतं, पडलेला ऊस आणि ओलं रान त्याला जमत नाही. म्हणजे सोपे फड यंत्राला आणि लांबचे, वेडेवाकडे, पडलेले फड माणसाला, दर तोच. निदान अशा फडांना जास्त दर पाहिजे. आणि ज्या तालुक्यातून माणसं जातात तिथं दुसरं काम उभं राहायच्या आधी यंत्रं पूर्ण आली तर ती माणसं वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातील, तिथंही उचलच आहे.

१८. मी शेतकरी आहे. टोळीवाले एन्ट्री (ऊस तोडायला वरचे रोख पैसे) मागतात, वर तुम्ही आम्हालाच शिकवता.

एन्ट्री चुकीचीच आहे, कारखान्याकडं लेखी तक्रार करा, पैसे परत मिळायची तरतूद आहे. पण तुमच्या बिलातून तोडणीचे पैसे आधीच कापले जातात आणि तोडणाऱ्याला परत उचलीत कापून मिळतात, म्हणून तो तुमच्याकडं मागतो आणि वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून भागवतो. तुमच्या फडावर पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी आडोसा एवढं तरी तुम्ही करू शकता.

१९. मूल मार्चमध्ये परत आलं, पाचवीत आहे, परीक्षा तोंडावर. नापास केलं तर?

आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं, नाहीतर त्याच वर्गात ठेवता येतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे आलं. पण नापास झालं तर निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावीच लागते आणि मधल्या काळात जादा शिकवणं हे शाळेचं काम आहे. नापास झालं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. मूल तिकडच्या शाळेत जात होतं तर तिथली हजेरी आणि मूल्यमापन इथं धरायला लावा, त्यासाठीच शिक्षण हमी कार्ड भरून आणायचं असतं (प्रश्न ५). कुठंच जात नव्हतं तर लपवू नका, मास्तरांना सरळ सांगा आणि विशेष प्रशिक्षण मागा, ते कलम ४ मध्ये आहे. आणि मास्तर, त्याला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर पाढे म्हणायला उभं करू नका. पाच महिने त्यानं मोळ्या मोजल्यात, गणित तिथून सुरू करा.